दारूगोळ्याचे बंदर

दिवाळी जवळ आली की गावोगावी फटाक्यांचा बाजार भरतो. कापड, किराणा, आकाशकंदील, रांगोळी ही दुकाने नेहमीच्या पेठेतच असतात; फटाक्यांच्या गाळ्यांना मात्र पुष्कळ ठिकाणी पेठेबाहेरचे एखादे मोकळे मैदान नेमून दिलेले असते. दोन गाळ्यांमध्ये जागा सोडलेली, दाराशी वाळूच्या बादल्या भरून ठेवलेल्या. त्यामागचे शास्त्र कुणी समजावून सांगत नाही, आणि तशी गरजही पडत नाही. दारूला अंतर लागते, एवढे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते. "हात लांब धर" ही सूचना तर प्रत्येक मुलाने फुलबाजीबरोबरच ऐकलेली असते.

याच साध्या शहाणपणावर जगात काही बंदरे उभी आहेत. तेथे उतारूंची बोट लागत नाही. धान्य, कापूस, कोळसा यांची चढउतार होत नाही. तेथून समुद्रापार जातो तो फक्त दारूगोळा : तोफांचे गोळे, विमानातून टाकायचे बॉम्ब, सुरुंग, पाणतीर. युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रणांगण उभे राहते. पण रणांगणावर पडणारा प्रत्येक गोळा तत्पूर्वी कुणीतरी आगगाडीच्या वाघिणीतून काढलेला, धक्क्यावर आणलेला आणि जहाजाच्या पोटात रचलेला असतो. इतिहासाच्या पुस्तकांत सेनापतींना प्रकरणे मिळतात. या रचणाऱ्या हातांच्या वाट्याला क्वचित एखादी ओळ येते. अशाच एका बंदराची, आणि तेथल्या हातांची, हकीकत मला आज सांगावयाची आहे. बंदर अमेरिकेतले आहे. पण मुंबईच्या वाचकाला ते फार परके वाटणार नाही.

परके वाटणार नाही याचे कारण १९४४ हे साल. त्या वर्षी १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज पेटले आणि फुटले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. त्यांच्याच सोबतीला कराचीत भरलेल्या कापसाच्या हजारो गासड्या, तेलाची पिंपे, लाकूड, भंगार आणि सोन्याच्या विटा. शांततेच्या काळात असे जहाज गोदीत घेण्याचा प्रघात नव्हता. त्याला बाहेर नांगरून स्फोटके पडावांतून उतरवीत. युद्धाच्या घाईत तो प्रघात बाजूला पडला. दुपारी आग दिसली आणि चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे मेली. गोदीभोवतालची वस्ती जळाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले, आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. स्फोटकांचे जहाज शहराच्या कुशीत घेतले तर काय होते, हे मुंबईने त्या दुपारी पाहिले.

मग अशी जहाजे शहरापासून दूर का नेऊ नयेत, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. अमेरिकेच्या आरमाराने नेमके तेच केले होते. जपानविरुद्धचे युद्ध पॅसिफिक महासागरात पेटले, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोसारख्या गजबजलेल्या बंदरातून दारूगोळा पाठवणे धोक्याचे होते. म्हणून त्या शहराच्या ईशान्येस पन्नासेक किलोमीटरवर, सुइसन उपसागराच्या काठी, पोर्ट शिकागो नावाच्या छोट्या गावाजवळ जागा निवडण्यात आली. पाणी खोल, रेल्वे जवळ, वस्ती विरळ. धक्का गावापासून सुमारे दीड मैलावर होता. ८ डिसेंबर १९४२ रोजी तेथे पहिले जहाज भरावयास घेतले. पुढे धक्का वाढवून दोन जहाजे एकाच वेळी दोन्ही बाजूंना लावण्याची सोय झाली.

अशा बंदराची रचना कशी असते, ते थोडक्यात सांगतो. दारूगोळ्याच्या वाघिणी आल्याबरोबर धक्क्यावर नेत नाहीत. त्यांना जाड मातीच्या बांधांमध्ये एकेकट्या उभ्या करून ठेवतात, म्हणजे एक फुटली तरी तिची धग शेजारणीला पोचू नये. बॉम्ब आणि तो उडवणारा फ्यूज यांचा प्रवास वेगवेगळा होतो. जहाजात माल रचताना मधल्या फटींत लाकडाचे ठोकळे व फळ्या ठोकून तो असा घट्ट बसवतात की समुद्र कितीही खवळला तरी काही हलू नये. त्यामुळे या बंदरात हमालाइतकेच सुताराला महत्त्व असते. आणि साऱ्यांच्या मुळाशी अंतराचे गणित असते. स्फोटकांचा साठा वाढला तर सुरक्षित अंतर किती वाढवावे, याचा नियम घनमूळाचा आहे. साठा आठपट झाला की अंतर दुप्पट लागते. हजारपट झाला की दहापट. नकाशावर धक्क्याभोवती त्या हिशेबाने वर्तुळ काढतात आणि वर्तुळाच्या आत घर, शाळा, बाजार नको असे ठरवतात. आपल्याकडे मुंबईसमोर, उरणजवळ करंजा येथे नौदलाचा शस्त्रसाठा आहे. सुरक्षा पट्टा या शब्दाचा अर्थ उरणकरांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

हे गणित अचूक आहे, याबद्दल शंका नाही. पण या बंदरांचा इतिहास वाचताना माझ्या मनात एक प्रश्न सारखा उभा राहतो. वर्तुळाच्या बाहेर जो राहतो त्याचे रक्षण अंतर करते. वर्तुळाच्या अगदी मध्यावर, बॉम्बला हात लावून जो उभा आहे, त्याचे रक्षण कोण करतो? त्याच्यापाशी अंतर नाही. त्याला तारणाऱ्या गोष्टी दोनच : त्याला दिलेली विद्या, आणि त्याला दिलेली सवड. पोर्ट शिकागोत त्याला यांपैकी काय मिळाले, ते आता पाहू.

तेथे जहाजे भरणारे नौसैनिक सगळे काळे होते आणि त्यांच्यावरचे अधिकारी सगळे गोरे. त्या काळच्या अमेरिकन आरमारात वर्णभेद हा रिवाजच होता. ही मुले बहुतेक विशीच्या आतबाहेरची. लढाईवर जाण्याच्या उमेदीने भरती झालेली. आरमारी शिक्षण घेऊन ती येथे आली, आणि त्यांच्या हाती हमाली आली. दारूगोळा कसा हाताळावा, याचे रीतसर शिक्षण त्यांना कुणीही दिले नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांची संघटना अनुभवी माणसे शिकवण्यास देऊ करत होती. आरमाराने ती घेतली नाहीत. सुरक्षेचे नियम बराकीत लावले नाहीत, कारण या लोकांना ते कळणार नाहीत असे मुख्य अधिकाऱ्याचे मत होते. "हे फुटेल काय?" असे मुलांनी विचारले, तर "फ्यूज नाही, मग फुटेल कसे?" असे उत्तर मिळे.

विद्या मिळाली नाही. सवडही मिळाली नाही. जहाजाच्या पोटात माल उतरवण्यासाठी पाटणीवर जी तोंडे असतात, त्यांतील प्रत्येक तोंडातून ताशी १० टन माल गेला पाहिजे, असा दंडक वरून आला होता. प्रत्यक्षात सरासरी ८ टनांच्या थोडी वर जाई. कोणत्या तुकडीने किती भरले, त्याचे आकडे फळ्यावर खडूने लिहीत. कनिष्ठ अधिकारी आपापल्या तुकड्यांवर पैजा लावीत. वाघिणीतून बॉम्ब फळीवरून घरंगळत खाली येत, धक्क्यावर एकमेकांवर आदळत, जाळ्यात गोळा होत आणि विंचने उचलून जहाजात सोडले जात. दिवसाचे चोवीस तास, पाळीपाळीने हे चाले. शर्यतीत धावणाऱ्याला खाली पाहून चालण्याची मुभा नसते.

१७ जुलै १९४४. मुंबईच्या स्फोटाला तीन महिने आणि तीन दिवस झाले होते. धक्क्याच्या एका बाजूला 'ई. ए. ब्रायन' हे जहाज चार दिवसांपासून भरले जात होते. त्याच्या पोटात सुमारे ४,६०० टन दारूगोळा चढला होता. दुसऱ्या बाजूस 'क्विनॉल्ट व्हिक्टरी' हे कोरे जहाज त्याच संध्याकाळी येऊन लागले होते. दोघांच्या मध्ये, धक्क्यावर, १६ वाघिणींतून आणखी सुमारे ४३० टन माल उभा होता. रात्रपाळीची माणसे कामाला लागली होती.

रात्री १० वाजून १८ मिनिटांनी लाकूड मोडल्यासारखा आणि धातू आदळल्यासारखा आवाज आला, आणि पहिला स्फोट झाला. त्यानंतर काही सेकंदांनी दुसरा. हा दुसरा म्हणजे सारे 'ब्रायन' एकदम उडाले. त्या जहाजाचा ओळखू येईल असा भाग जवळजवळ उरलाच नाही. 'क्विनॉल्ट व्हिक्टरी' उचलले गेले, फिरले, तुकडे होऊन पाण्यात पडले. धक्का, वाघिणी, रेल्वेचे इंजिन, काहीच शिल्लक राहिले नाही. ९,००० फुटांवरून जाणाऱ्या विमानाच्या चालकांनी आपल्याही वर उडालेले तप्त तुकडे पाहिले. शेकडो मैलांवरच्या नेव्हाडा राज्यापर्यंत हादरा जाणवला आणि भूकंपमापक यंत्रांनी त्याची नोंद केली.

धक्क्यावर आणि जहाजांवर असलेली सर्वच्या सर्व ३२० माणसे तत्क्षणी मेली. त्यांतली २०२ काळी होती. ओळख पटावी असे मृतदेह मिळाले फक्त ५१. जखमी ३९० झाले. दीड मैलावरच्या गावात काचा फुटल्या, छपरे उडाली, शेकडो इमारतींची नासधूस झाली. सिनेमागृहात खेळ चालू असताना भिंत आत वाकली. गावातली पुष्कळ माणसे जखमी झाली, पण मेले कुणी नाही.

हे शेवटचे वाक्य वाचकांनी जरा थांबून वाचावे अशी माझी विनंती आहे. अंतराचे गणित खरे ठरले! इतका दारूगोळा उडाला आणि गावातला एकही माणूस गेला नाही. मुंबईत जे साधले नव्हते ते येथे साधले. आणि त्याच क्षणी वर्तुळाच्या मध्यावरचे सारे संपले, कारण त्यांच्यासाठी कुणी गणितच मांडले नव्हते.

चौकशी बसली. ती ३९ दिवस चालली. सव्वाशे साक्षीदार झाले. स्फोटाचे नेमके कारण सापडले नाही; ज्यांनी ते पाहिले असेल त्यांतले कुणी सांगायला उरले नव्हते. पैजांना आणि फळ्यावरच्या आकड्यांना दोष लागला नाही. स्फोटके हाताळण्याची कुवत काळ्या लोकांत नाही, असे मत मात्र आरमाराच्या वकिलाने नोंदवले. ज्यांना शिकवलेच नाही त्यांना शिकता येत नाही असे म्हणणे, ही युक्ती आपल्या देशालाही अगदीच अनोळखी नाही. मृतांच्या कुटुंबांना ५,००० डॉलर द्यावेत, अशी आरमाराची शिफारस होती. मृत बहुतेक काळे आहेत हे कळल्यावर मिसिसिपीच्या एका लोकप्रतिनिधीने हरकत घेतली, आणि अखेर रक्कम ३,००० वर आली. वाचलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना महिन्याची रजा मिळाली. काळ्या नौसैनिकांना ती मिळाली नाही. मित्रांच्या देहांचे अवशेष गोळा करण्याचे काम त्यांच्यातल्या अनेकांच्या वाट्याला आले.

तीन आठवडे गेले. ९ ऑगस्टला मेअर बेटावर वाचलेल्या तुकड्यांना रांगेत चालवत नेले. एका फाट्यावर "डावीकडे वळा" असा हुकूम झाला. डावी वाट दारूगोळ्याच्या धक्क्याकडे जात होती. रांग थांबली. दुसरा कोणताही हुकूम पाळू, पण दारूगोळा भरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. एकंदर २५८ जणांनी नकार दिला. त्यांना एका पडावावर कोंडून ठेवले. ॲडमिरल राइट यांनी येऊन सांगितले की युद्धकाळात बंडाला गोळी घालून मरणाची शिक्षा आहे. त्यावर बहुतेक जण कामाला तयार झाले. ५० जण राहिले. त्यांच्यावर बंडाचा खटला भरला. तयार झालेल्या २०८ जणांनाही लहान लष्करी न्यायालयांतून शिक्षा झाल्याच.

बंड या शब्दाचा कीस आपण मराठी माणसांनी १८५७ वरून पुष्कळ काढला आहे. सत्तेच्या गादीवर हात टाकणे हे बंड. येथे कुणी अधिकाऱ्यावर हात उगारला नाही, कुठे कब्जा केला नाही. जोसेफ स्मॉल नावाचा तरुण त्यांच्यात वडीलकीचा मान असलेला. पडावावर त्याने सोबत्यांना शिस्त राखा, भांडू नका असे सांगितले. त्याचे तेच भाषण कटाचा पुरावा म्हणून त्याच्यावर उलटले. खटला सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या बेटावर सप्टेंबर-ऑक्टोबरात चालला. थर्गुड मार्शल हे तरुण काळे वकील तेथे येऊन बसत आणि ऐकत. हेच पुढे १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायमूर्ती झाले. या ५० जणांपेक्षा आरमाराच्या वागणुकीचीच चौकशी व्हायला हवी, असा आवाज त्यांनी उठवला. न्यायालयाने २४ ऑक्टोबरला ५० जणांचा निकाल सुमारे ८० मिनिटांत लावला. म्हणजे माणशी दोन मिनिटेही पुरती पडली नाहीत. सगळे दोषी. शिक्षा पंधरा वर्षे. पुढे काहींची थोडी कमी करून आठ ते पंधरा.

युद्ध संपल्यावर, जानेवारी १९४६ मध्ये, त्यांतल्या बहुतेकांना तुरुंगातून सोडले. पुढच्याच महिन्याच्या २७ तारखेला अमेरिकन आरमाराने आपल्यातला वर्णभेद अधिकृतपणे उठवला. त्याच फेब्रुवारीत मुंबईत 'तलवार'वरील हिंदी नौसैनिकांनी अन्न आणि अपमान यांविरुद्ध आवाज उठवला होता. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण जहाजावरचा कनिष्ठ माणूस आता मुकाट्याने ऐकणार नाही, ही त्या काळाची खूण दोन्हीकडे दिसते.

पोर्ट शिकागोपासून लष्कराने धडा घेतला नाही, असे म्हणता येणार नाही. दारूगोळा हाताळणाऱ्यांना रीतसर शिक्षण व प्रमाणपत्र देणे सुरू झाले. हाताळण्यास अधिक निर्धोक होतील अशा रीतीने बॉम्बची घडण बदलली. काळ्या तुकड्यांबरोबर गोऱ्या तुकड्याही भरणीला लावल्या. अंतर तर अधिकच वाढले. नॉर्थ कॅरोलायनातल्या केप फिअर नदीकाठी १९५५ मध्ये सनी पॉइंट हे दारूगोळ्याचे स्वतंत्र बंदर सुरू झाले. त्याचे धक्के एकमेकांपासून दूर आहेत, रेल्वे स्वतःची आहे, आणि नदीपलीकडची जमीनसुद्धा मोकळी राखलेली आहे. आज तेथे माल बहुतांशी बंद कंटेनरांतून येतो. बॉम्ब फळीवरून घरंगळत नाही. पोर्ट शिकागोचे बंदरही चालू राहिले. व्हिएतनामच्या युद्धाचा दारूगोळा तेथून गेला. आज ते बंदर भूदलाच्या ताब्यात आहे. गेले ते गाव! सुरक्षेचे वर्तुळ निर्वेध राहावे म्हणून सरकारने १९६८ मध्ये पोर्ट शिकागो गाव विकत घेऊन पाडून टाकले. ज्या घरांनी १७ जुलैची रात्र सोसली, ती नकाशावरच्या रेघेपुढे टिकली नाहीत.

वर्तुळाच्या मध्यावरच्या माणसांचा हिशेब मिटायला मात्र फार वेळ लागला. १९९४ मध्ये आरमाराने खटला पुन्हा तपासला. त्यांना त्या कामावर नेमण्यात वर्णभेद होता हे मान्य केले, पण निकाल कायम ठेवला. १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी फ्रेडी मीक्स यांना क्षमा केली. इतरांपैकी काहींनी क्षमेचा अर्ज करण्यासच नकार दिला होता. क्षमा अपराध्याने मागायची असते, आणि आपण अपराधी नाही, असे त्यांचे म्हणणे. अखेर १७ जुलै २०२४ रोजी, स्फोटाला बरोबर ८० वर्षे झाली त्या दिवशी, अमेरिकेच्या नौदल खात्याचे सचिव कार्लोस डेल टोरो यांनी ते ५० आणि त्यांच्या सोबतचे इतर, अशा २५६ जणांना निर्दोष ठरवले. त्या पन्नासांतला एकही ते ऐकायला हयात नव्हता. त्यांच्या मुलानातवंडांनी ते ऐकले.

धक्क्याच्या जागी पाण्यात जुन्या खांबांचे बुंधे अजून दिसतात. काठावर स्मारक आहे, आणि तेथे दगडांवर ३२० नावे कोरली आहेत. बंदर अजून लष्कराचे आहे. त्यामुळे स्मारकाला जाण्यासाठी बरेच दिवस आधी नाव नोंदवावे लागते, ओळख पटवावी लागते, आणि मग सरकारी गाडीतून नेतात. माणसाला त्या जागेजवळ नेण्यापूर्वी तो कोण, कोठला, हे आता इतके काळजीपूर्वक विचारले जाते. या ३२० जणांना धक्क्यावर पाठवताना, तुला हे काम येते का, एवढे कुणी विचारले असते तर फार बरे झाले असते.